भीमेचा काठ आणि सोनेरी माळ : शिरूर-दौंडची दोन दिवसांची सुट्टी

सुट्टी म्हटली की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक हिरव्यागार डोंगराचे, दुसरे निळ्या समुद्राचे. त्यामुळे शनिवार उजाडला की पुण्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची तोंडे पश्चिमेकडे वळलेली असतात. लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग, दापोली ही नावे जिभेवर बसलेली. पूर्वेकडचा रस्ता आपण धरतो तो नगरला, सोलापूरला किंवा पंढरपूरला पोहोचण्यासाठी. वाटेत लागणारा शिरूर आणि दौंड तालुक्यांचा प्रदेश गाडीच्या काचेतून मागे सरकतो आणि 'इथे काही नाही' असा शेरा मारून आपण पुढे जातो.

हा शेरा कितपत खरा आहे? या प्रदेशात नदीकाठी वसलेली जुनी गावे आहेत, यादवकाळाची आठवण सांगणारी देवळे आहेत, मोगली छावणीचा कोट आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीच्या खुणा आहेत आणि या सर्वांच्या पाठीशी मैलोन्मैल पसरलेला माळ आहे. समुद्र तेवढा नाही. पण त्याची उणीव उजनीचे अथांग पाणी बऱ्याच अंशी भरून काढते. नाही ती फक्त पाहण्याची सवय.

व्हिटबीचा धडा

उघडा, झाडांवाचूनचा माळ पाहायला कोणी सुट्टी काढून जाईल, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते. इंग्लंडमध्ये मात्र ती रुळलेली आहे. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे एक जुने बंदर आहे. सातव्या शतकात तेथे ख्रिस्ती मठ स्थापन झाला. त्याच जागी पुढे उभ्या राहिलेल्या मठाचे भग्नावशेष आजही कड्यावर दिसतात. जगप्रवासी जेम्स कुकने दर्यावर्दीपणाचे पहिले धडे याच गावात गिरवले आणि त्याचे 'एंडेव्हर' हे जहाजही येथेच बांधले गेले. ब्रॅम स्टोकरने १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतील काही प्रसंग या गावात घडवले. असे हे इतिहासाने भारलेले गाव.

पण व्हिटबीला जाणारा इंग्रज केवळ समुद्र पाहून परतत नाही. गावामागे 'मूर' म्हणजे उंचावरचा उघडा, वाऱ्याने झोडपलेला माळ पसरला आहे. तेथे उंच झाडी नाही. खुरटी झुडपे, गवत, चरणाऱ्या मेंढ्या आणि आभाळ, एवढेच काय ते दृश्य. ऑगस्टच्या सुमारास हेदर नावाचे झुडूप फुलते आणि सारा माळ जांभळा होतो. १९५२ साली या माळाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गंमत अशी की, हा माळ पूर्णपणे निसर्गाने घडवलेला नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने केलेली जंगलतोड आणि त्यानंतरची अखंड मेंढपाळी यांतून तो आकाराला आला. तरीही तेथे झाडे लावून तो 'सुधारावा' असा सरसकट आग्रह धरला जात नाही. त्या उघडेपणातच त्याचे सौंदर्य आहे, हे तेथील समाजाने मान्य केले आहे.

आपल्याकडचा माळ तर त्याहून अधिक नैसर्गिक आहे. परंतु सरकारी दप्तरात आणि आपल्या मनातही त्याची नोंद 'पडीक जमीन' अशीच होत आली. हा दृष्टिदोष दूर करायचा, तर शिरूर-दौंडइतकी जवळची शाळा दुसरी नाही.

घोडनदीकाठचे शिरूर

पुण्याहून नगर रस्त्याने सुमारे पासष्ट-सत्तर किलोमीटरवर शिरूर लागते. जुनी माणसे आजही गावाला 'घोडनदी' म्हणतात, कारण गाव वसले आहे ते घोड नदीच्या काठावर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनच्या नेतृत्वाखाली सुमारे आठशे सैनिकांची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली.

छावणी गेली, पण तिची एक हृद्य आठवण मागे राहिली. १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे शिरूरच्या दफनभूमीत आहे. आसपासचे गावकरी त्याला 'सत्पुरुष' मानत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा पहिला वाटा त्याला अर्पण करत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. परक्या सेनाधिकाऱ्याला ग्रामदेवतांच्या पंक्तीत बसवणारी ही श्रद्धा आपल्या लोकमानसाविषयी बरेच काही सांगून जाते.

शिरूर तालुक्यातच अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती आहे. मूर्तीसाठी दगडी गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधवला. तालुक्याच्या पश्चिम टोकाला वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. उत्तरेला टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामधून कुकडी नदी वाहते. तेथील काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेले रांजणखळगे पाहण्यासारखे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खडकावर वर्षानुवर्षे गरगरत राहतात आणि जात्याप्रमाणे खडक झिजवत नेतात. त्यातून हे रांजणाच्या आकाराचे खड्डे तयार होतात. पावसाळ्यात पाणी चढलेले असताना त्यांच्या काठाशी जाणे धोक्याचे. हिवाळा त्यासाठी उत्तम.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे गाव

शिरूर तालुक्याचे खरे वैभव मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते जव पिकवत, गुरे-मेंढ्या पाळत आणि मृत मुलांना मातीच्या कुंभात घालून घराच्या जमिनीतच पुरत. मोठ्या माणसांना पुरण्यापूर्वी त्यांची पावले तोडली जात. धान्य साठवण्याच्या सोयी आणि पुराचे पाणी वळवणारा पाट यांच्याही खुणा येथे सापडल्या.

इनामगावची अखेर आपल्याला विचार करायला लावणारी आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारानंतर तेथील ऐसपैस चौकोनी घरे नाहीशी होतात आणि त्यांची जागा लहान गोल झोपड्या घेतात. शेती आटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढतो. हवामान अधिक कोरडे झाल्यामुळे हा पालट घडला, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला. म्हणजे पाऊस रुसला तेव्हा या प्रदेशातील माणसाला तगवले ते माळाने आणि त्यावर चरणाऱ्या जनावरांनी. उत्खननाच्या जागी आज सामान्य प्रवाशाला फारसे काही दिसणार नाही. तेव्हा आधी पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहावे आणि मग घोडेच्या काठावर उभे राहावे. नदी वेगळीच दिसू लागते.

भीमाकाठ : दौंड, सिद्धटेक, पेडगाव

दौंड हे नाव ऐकले की लोहमार्गाचे जंक्शन आठवते. इंग्रजांच्या काळात 'धोंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावातून १८७८ साली मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला आणि भीमेकाठच्या गावाचे रूप पालटले. रेल्वेच्या वसाहती उभ्या राहिल्या, देशभरातून माणसे आली. आजही दौंडच्या बाजारपेठेत फिरताना हे बहुभाषिक मिश्रण जाणवते.

पुणे-दौंड मार्गावरच केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना आसरा दिला तो येथे. ओसाड म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माळावर विहिरी खोदून, शेती करून, छापखाना चालवून त्यांनी 'मुक्ती' ही वसाहत उभी केली. १९२२ साली त्यांचे निधन येथेच झाले.

दौंडहून सिद्धटेक जवळ आहे. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा हा सिद्धिविनायक भीमेच्या पलीकडच्या तीरावर, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात येतो. देऊळ अहिल्यादेवी होळकरांनी बांधले. पूर्वी दौंड तालुक्यातील शिरापूरहून होडीने नदी ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. देव टेकडीतच असल्याने प्रदक्षिणा घालायची तर संपूर्ण टेकडीला वळसा घालावा लागतो. त्या वाटेवर नदी, शेते आणि माळ एकाच नजरेत येतात.

याच तीरावर, श्रीगोंदे तालुक्यात, पेडगाव आहे. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पण पेडगाव प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्याहून विरळा. औरंगजेबाचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याने येथे तळ दिला आणि भीमेच्या काठावर कोट उभारला. तोच बहादूरगड, आताचा धर्मवीरगड. १६७४ च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या एका लहान तुकडीने हुलकावणी देऊन खानाला छावणीपासून दूर नेले आणि मागे दुसऱ्या मोठ्या तुकडीने छावणी लुटली, असे इतिहासग्रंथांत सांगितले जाते. वाक्प्रचाराचा संबंधही पुष्कळ लोक या फजितीशी जोडतात.

पण या कोटाची दुसरी आठवण फार दारुण आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे कैद झालेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना येथेच औरंगजेबापुढे उभे करण्यात आले. त्यानंतर ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. पेडगावपासून वढूपर्यंतचा भीमेचा काठ पाहताना ही यात्रा मनात ठेवावीच लागते. कोटाच्या आत लक्ष्मीनारायणाचे कोरीव शिल्पांनी नटलेले जुने देऊळ आहे. किल्ल्याहून कित्येक शतके आधीचे. त्याच्या भिंतीवरील सुरसुंदरी पाहायला तासभर राखून ठेवावा. नदीकडच्या बाजूला पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या मोटेचे अवशेष दिसतात.

माळ म्हणजे पडीक नव्हे

आता या सर्व गावांना जोडणाऱ्या माळाकडे वळू. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचे उरलेसुरले थेंब येथपर्यंत पोहोचतात. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमिनीचा थर पातळ, खाली काळा कातळ. अशा ठिकाणी उंच दाट जंगल वाढत नाही. वाढते ते गवत. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी अशी गवते आणि त्यांच्यात विखुरलेली बोर, हिवर, बाभूळ ही काटेरी झाडे, असा हा संसार आहे. पावसाळ्यात तो हिरवा असतो, दिवाळीनंतर सोनेरी होतो आणि वैशाखात अगदी बोडका दिसतो. त्याच्याविषयीचे आपले मत बहुधा वैशाखातच बनलेले असते.

पूर्वी येथे घनदाट अरण्य होते आणि माणसाने तोडल्यामुळे माळ झाला, ही समजूतही सर्वदूर आहे. तिला धक्का देणारा एक शोधनिबंध २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी ग्रंथ, संतचरित्रे, आख्याने आणि ओव्या-लोकगीते यांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांत आढळलेली बहुसंख्य झाडे-झुडपे दाट जंगलातील नव्हती, तर उघड्या, काटेरी माळावरची होती. निदान साडेसातशे वर्षे तरी पश्चिम महाराष्ट्राच्या या भागाचे रूप असेच आहे, असे त्यावरून दिसते. आपल्याच वाङ्मयाने आपल्याच माळाची साक्ष द्यावी, याहून सुंदर योग कोणता?

या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि ससा राहतात. पक्ष्यांमध्ये धाविक, माळटिटवी, पखुर्डी आणि चंडोल हे येथले कायमचे रहिवासी. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून भोवत्या ससाणे येतात आणि संध्याकाळी गवतातच मुक्कामाला उतरतात. दौंडच्या दक्षिणेला, बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचा विस्तार अवघा पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. पण चिंकारा पाहण्यासाठी याहून सोयीचे ठिकाण पुण्याजवळ नाही. २०२३ मध्ये वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे स्थानिक मार्गदर्शकांसह गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. त्यामुळे माळ पाहण्याला प्रथमच शिस्त आणि गावच्या तरुणांना थोडी मिळकत, असा दुहेरी लाभ झाला.

माळावर माणूसही आहे. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. मेंढरांनी गवत चरावे, शेतात बसून खत द्यावे, लांडग्याने अधूनमधून एखादे कोकरू न्यावे, असा हा शतकांचा व्यवहार. यॉर्कशरचा मूर मेंढपाळीवर टिकला. आपला माळही तिच्याशी असाच बांधलेला आहे.

आणि नेमका हाच माळ आज वेगाने आक्रसतो आहे. कालव्यांचे पाणी पोहोचले तेथे ऊस आला; औद्योगिक वसाहती आल्या; दगडखाणी आल्या; 'फार्महाऊस प्लॉट'चे फलक आले. यातील पुष्कळसे अपरिहार्य होते, हे मान्य केले पाहिजे. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याने पाण्याला नकार द्यावा, असे शहरात बसून कोणी सांगू नये. परंतु सद्हेतूने होणारी हानी टाळता येण्यासारखी आहे. दर पावसाळ्यात 'हिरवाई'च्या उत्साहात माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली जातात. झाडे वाढली की सावलीत गवत मरते, गवताबरोबर मेंढरांची चराई जाते आणि चिंकाराही जातो. गवत आपल्या मुळांवाटे मातीत मोठ्या प्रमाणावर कर्ब साठवते, ही बाजू या उत्साहात कोणी लक्षात घेत नाही.

पाणी, समुद्रासारखे

भीमेवर १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा वर थेट दौंड तालुक्यापर्यंत आला. राजेगाव, खानोटा या गावांपासून इंदापूर तालुक्यातील डिकसळ, कुंभारगाव, भिगवणपर्यंत पाणीच पाणी दिसते. हिवाळी सकाळी पैलतीर धुक्यात हरवतो तेव्हा आपण समुद्रकाठी उभे आहोत, असा भास होतो. या पाण्याखाली अनेक गावे गेली. पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर आणि मंडप उघडे पडतात. पर्यटकाला ते मनोहर दिसते. ज्यांची घरे तेथे होती त्यांच्यासाठी ते गाव आहे, हे विसरता कामा नये.

उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या सोबतीला पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक आणि नदीसुरय असतात. डिसेंबर ते एप्रिल हा त्यांना पाहण्याचा काळ. स्थानिक मच्छीमारच होडीने नेतात आणि पक्ष्यांची नावेही बिनचूक सांगतात.

येथे पुणेकराने क्षणभर थांबून विचार करावा. मुळा-मुठेचे पाणी शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेथून उजनीत जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पुरेशी प्रक्रिया न झालेले सांडपाणीही त्याच वाटेने जाते. म्हणजे आपण पाहुणे म्हणून भीमाकाठी पोहोचण्यापूर्वीच आपली घाण तेथे पोहोचलेली असते. भीमाकाठच्या माणसाला रोज जे पाणी मिळते त्याचा दर्जा आपल्या शहरात ठरतो. ही सुट्टी त्या जाणिवेसह घालवली, तर ती केवळ करमणूक राहणार नाही.

पाहुण्याने पाळायची पथ्ये

माळ रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगाची असतात. रस्ता सोडून गवतातून गाडी घातली तर चाकाखाली काय चिरडले हे कळणारही नाही. चिंकाराच्या मागे गाडी लावणे, लांडग्याच्या गुहेशी छायाचित्रासाठी ताटकळणे, रोहितांच्या थव्यावर ड्रोन उडवणे हे सारे कटाक्षाने टाळावे. लांडग्यांची पिल्ले हिवाळ्यात जन्मतात. त्या काळात तर अधिकच जपावे. वाळलेल्या गवतात जळती काडी किंवा सिगारेट टाकली, तर काही तासांत मेंढरांचा वर्षाचा चारा भस्मसात होतो. उरलेले अन्न माळावर टाकू नये. त्यावर भटकी कुत्री वाढतात आणि ती चिंकाराचा फडशा पाडतात, लांडग्यांत रोगही पसरवतात. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने पायी फिरू नये आणि लहान मुलांना एकटे सोडू नये. गावकऱ्यांचा सल्ला शिरसावंद्य मानावा.

दोन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी सकाळी पुण्याहून नगर रस्त्याने निघावे. वढू, रांजणगाव करून दुपारपर्यंत शिरूर गाठावे आणि उन्हे कलल्यावर निघोजचे रांजणखळगे पाहावेत. मोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोराची चिंचोली येथे कृषी पर्यटन केंद्रांत मुक्कामाची सोय होते. मोर पहाटे आणि संध्याकाळीच शेतांत दिसतात, तेव्हा मुक्काम फलदायी ठरतो. दुसऱ्या दिवशी दौंडमार्गे सिद्धटेक व पेडगाव करून सूर्यास्ताला भीमाकाठ गाठावा. केवळ पक्षी आणि माळ पाहायचा असेल तर पुण्याहून सोलापूर रस्त्याने थेट भिगवण व कडबनवाडीकडे जावे. दौंडपर्यंत रेल्वेची उत्तम सोय आहे. पुढे मात्र स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन लागते. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.

खाण्याची चैन ऋतूवर अवलंबून. जानेवारीत शाळूचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. एरवी बाजरीची भाकरी आणि मासवडीचा झणझणीत रस्सा. भिगवणला अर्थातच गोड्या पाण्यातील मासळी, त्यातही चिलापी. पावसाळ्यानंतरचे चार महिने, ऑक्टोबर ते जानेवारी, या साऱ्यासाठी सर्वांत चांगले.

ज्या भूमीला पाहणारे डोळे मिळतात, तिला राखणारे हातही मिळण्याची शक्यता वाढते. व्हिटबीच्या माळाला ते भाग्य लाभले, कारण तेथील नागरिकांनी उघड्या आभाळाखालच्या त्या रित्या वाटणाऱ्या प्रदेशावर प्रेम करायला शिकून घेतले. शिरूर-दौंडचा माळ आपल्यापासून अवघ्या दीड-दोन तासांवर आहे. पुढच्या वेळी सुट्टीचा बेत आखताना गाडीचे तोंड एकदा पूर्वेकडे वळवून पाहावे. माळ अजून आहे तोवर.